पत्ता आहे, अटी नाहीत

निफाड तालुक्यातल्या एका गावाचे निवृत्त प्राथमिक शिक्षक गेल्या वर्षी श्रावणात माझ्याकडे आले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले हस्तलिखित आणि सोबत एक तीन पानी पत्र. हस्तलिखित द्राक्षबागांत राबणाऱ्या मजुरांच्या आठवणींचे होते. त्या मजुरांची मुले शाळेत शिकवता शिकवता गुरुजींनी वर्षानुवर्षे टिपून ठेवलेल्या त्या हकिकती. पत्र एका प्रकाशनसंस्थेचे होते. लेखकाने साठ हजार रुपये भरायचे. त्या बदल्यात तीनशे प्रती, रंगीत मुखपृष्ठ आणि ‘आयएसबीएन क्रमांकासह’ नोंदणी. अगदी तळाशी एक ओळ होती : पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.

“बाई, हे असंच असतं का?” गुरुजींनी विचारले.

तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून मी निवृत्त झाले आहे. ‘नाही, असंच असतं असं नाही’ एवढे मी सांगू शकले. पण मग कसे असते, कुठे पाठवावे, कोण पैसे देतो, कोण मागतो, किती दिवस वाट पाहायची, हे एका जागी सांगणारे एकही मराठी पुस्तक मला त्यांच्या हातात ठेवता येईना. कपाटात कथातंत्रावर पुस्तके आहेत, छंदशास्त्रावर आहेत, समीक्षेवर तर दोन फळ्या भरून आहेत. लेखकाला बाजार दाखवणारे मात्र काही नाही. हा लेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

इंग्रजीत ही जागा शंभर वर्षांपूर्वीच भरली गेली. इंग्लंडात ‘रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’ १९०६ पासून निघते. अमेरिकेत ‘रायटर्स मार्केट’ १९२१ साली सुरू झाले आणि २०२१ मध्ये त्याची शंभरावी आवृत्ती निघाली. ही पुस्तके दिसायला टेलिफोन डिरेक्टरीसारखी. नियतकालिकाचे नाव, पत्ता, संपादकाचे नाव, कोणत्या प्रकारचे लेखन हवे, किती शब्दांचे, उत्तर किती आठवड्यांत, मानधन किती. या नोंदींतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मानधन लेख स्वीकारल्यावर की छापून आल्यावर, हे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. स्वीकृती आणि प्रसिद्धी यांच्यामध्ये कधी कधी वर्ष जाते, कधी मासिकच बंद पडते. त्या वर्षाचा धोका लेखकाने सोसायचा की संपादकाने, हे त्या एका शब्दाने ठरते.

या पुस्तकांवर टीका पुष्कळ करता येईल. त्यांच्या प्रस्तावनांत उत्साह जरा जास्तच असतो. वाचणाऱ्याला वाटावे, योग्य लिफाफ्यात योग्य पत्त्यावर पाठवले की छापून आलेच. नोंदी लवकर शिळ्या होतात, संपादक बदलतात. शिवाय ‘हवे तसे लिहा’ ही शिकवण त्यात आहेच. तरीही या ग्रंथप्रकाराचे गृहीतक मला मोलाचे वाटते. वाचणाऱ्याची कोणाशीही ओळख नाही, असे धरून ते लिहिलेले असते. तो कोणाचा मुलगा, कोणाचा विद्यार्थी, कोणत्या पेठेतला, हे प्रश्न तिथे उद्भवत नाहीत.

मराठीत लेखकाला मार्गदर्शन करणारे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’. १९३१ साली ते आले. लेखन ही शिकता येण्यासारखी कारागिरी आहे, हे त्याचे म्हणणे त्या काळी धीट होते आणि त्यावर वादही झाले. कथानक कसे रचावे, उत्कंठा कशी वाढवावी, पात्रे कशी उभी करावीत, हे सारे फडके सांगतात. पुढे या वळणाची पुस्तके मराठीत येत राहिली. पण बहुतेकांचा शेवट हस्तलिखित पूर्ण होण्यापाशी होतो. कारखाना नीट दाखवला, दुकानाचा दरवाजा बंदच. स्वतः फडक्यांसारखा व्यवहारी आणि लोकप्रिय लेखक करारपत्रावर एक प्रकरण सहज लिहू शकला असता, याची मला नेहमी चुटपुट लागते.

मग मराठी लेखक आजवर वाट शोधत आला कशी? माझे उत्तर असे की आपण वाटाड्या पुस्तकांचे काम आठवणींकडून करून घेतले. संपादकांच्या आठवणी, प्रकाशकांची आत्मचरित्रे, ह. वि. मोटे यांनी सिद्ध केलेल्या ‘विश्रब्ध शारदा’सारखे पत्रसंग्रह. यांतून नव्या लेखकाने समजून घ्यायचे की पुस्तक कसे निघते. आणि या आठवणी सांगतात काय?

नाशिकपासूनच सुरुवात करू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली, तिच्यामागे मुलगा देवदत्त यांचा आग्रह आणि खटाटोप होता. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ १९४२ मध्ये आली ती वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेऊन प्रकाशित केली म्हणून, प्रस्तावनाही त्यांचीच. थोडे उत्तरेला खानदेशात जाऊ. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले. मुंबईत अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये निघाला, तोही अशोक शहाणे या मित्राच्या प्रास प्रकाशनातर्फे. मुलगा, ज्येष्ठ साहित्यिक, मित्र. प्रत्येक गोष्टीत दरवाजा उघडणारे एक माणूस आहे आणि आपण ती गोष्ट डोळे ओले करून सांगतो. मीही वर्गात तशीच सांगितली आहे.

या माणसांचे मोठेपण मला कमी करायचे नाही. माझा आक्षेप त्या गोष्टींकडून आपण जो बोध घेतो त्याला आहे. ज्यांच्यासाठी दार उघडले त्यांच्याच आठवणी लिहिल्या जातात. सोपानदेव स्वतः कवी नसते, त्यांची अत्र्यांपर्यंत पोच नसती, तर वही खानदेशातल्या एखाद्या ट्रंकेत राहिली असती आणि तिची आठवण लिहायला कोणी नसते. अशा किती वह्या गेल्या, हे मोजण्याचा मार्ग नाही. आठवणींचे वाङ्मय वाटाड्या म्हणून अपुरे पडते ते इथे. ते ओळखीचे माहात्म्य सांगते आणि ओळख नसलेल्याने काय करावे याविषयी गप्प बसते.

दार न उघडल्याचा एक दाखला मात्र आपल्याकडे ठळक आहे. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापायला नारायण मेघाजी लोखंडे तयार झाले नाहीत. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचे स्वतःचे पत्र. आपल्या माणसाच्या पत्रातही आपले लेखन थांबते, हे फुल्यांनी अनुभवले. संपूर्ण पुस्तक त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले, ते ग्रंथांच्या प्रसाराला चालना मिळावी म्हणून. पुढच्या, १८८५ च्या सभेचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. ज्या सभेत आपल्या लोकांचे प्रश्न नाहीत तिथे जाऊन उपयोग काय, असा त्यांचा रोख होता. ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा लेखक कुठे जाणार, हा प्रश्न संमेलनाच्या इतिहासाइतकाच जुना आहे.

‘सत्यकथे’चे नाव इथे घेतलेच पाहिजे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकालाही सविस्तर पत्रे लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत, आणि अनेकांचे शिक्षण त्या पत्रांवर झाले. पण तिथे काय चालते आणि काय चालत नाही, हे पत्र येईपर्यंत कळत नसे. राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहून जो हल्ला चढवला, त्यात वाङ्मयीन मतभेद होते तसा या न लिहिलेल्या नियमांवरचा रागही होता, असे मी तो वाचते. याउलट औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना एक उघड पत्ता दिला. त्याचे लेखक-वाचक मेळावे म्हणजे चालतीबोलती मार्गदर्शिकाच होती. ज्याला कोणी ओळखत नाही तो तिथे जाऊन ओळख करून घेऊ शके.

आता थोडी अनपेक्षित वाट. मराठीत मार्गदर्शिका नव्हती असे मी म्हणते खरी, पण तिच्या जवळ जाणारी एक गोष्ट होती आणि ती लेखकांसाठी केलेलीच नव्हती. सरकारने १८६७ साली छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. हेतू उघड होता : छापले काय जाते यावर नजर ठेवणे. त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवायची होती आणि कलम १९ प्रमाणे ती दर तिमाहीला राजपत्रात छापायची होती. नोंदीत काय काय असावे? ग्रंथाचे नाव, भाषा, लेखक, विषय, मुद्रणाचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक आणि प्रकाशक, तारीख, पृष्ठे, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती, किंमत काय आणि लेखनहक्क ज्याच्याकडे आहे त्याचे नाव व राहण्याचे ठिकाण.

शेवटचे तीन तपशील पुन्हा वाचावेत. प्रती किती काढल्या, किंमत काय आणि हक्क कोणाकडे. आजचा मराठी लेखक स्वतःच्या पुस्तकाबद्दलही हे तिन्ही खात्रीने सांगू शकत नाही. आवृत्ती हजाराची म्हणतात, प्रत्यक्षात तीनशे निघाल्या की पाचशे, हे बाइंडरला ठाऊक. परक्या सरकारच्या संशयातून जन्मलेल्या यादीत ही माहिती प्रत्येक पुस्तकामागे देणे बंधनकारक होते. कोणी चतुर लेखक ती तिमाही यादी घेऊन बसला असता, तर कोणता प्रकाशक कोणत्या विषयाची पुस्तके किती प्रतींत काढतो आणि हक्क लेखकाकडे ठेवतो की स्वतःकडे, हे त्याला समजले असते. तसे कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. आता तो कायदा गेला. २०२३ च्या नव्या कायद्यात फक्त नियतकालिके राहिली, पुस्तके वगळली. पोलिसी नजर गेली याचा आनंदच आहे. तिच्याबरोबर तो रकानाही गेला.

शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची आणि दाते, काळे, बर्वे यांची १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची हे दोन मोठे उद्योग याच संदर्भात पाहावेत. संशोधकांसाठी ते अमूल्य आहेत. पण सूची मागे पाहते. तिच्यात सापडलेल्या मासिकाच्या पत्त्यावर आज कविता पाठवली तर ती पोस्टमन परत आणील.

पुढे पाहणारी एकच गोष्ट सामान्य मराठी लेखकाच्या हाती होती. दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर वर्षी नव्या लेखकाला पत्त्यांचा एक गठ्ठा आपसूक मिळू लागला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी तेच केले. नोव्हेंबरात सार्वजनिक वाचनालयात बसायचे (नाशिककर १८४० सालच्या या संस्थेला नुसते ‘सावाना’ म्हणतात), अंकांची शेवटची पाने उघडायची आणि कार्यालयाचा पत्ता वहीत उतरवायचा. माझी ती वही अजून आहे, निळ्या पुठ्ठ्याची.

मागच्या हिवाळ्यात गुरुजींच्या निमित्ताने मी पुन्हा जुने अंक काढून बसले, या वेळी फक्त लेखकांसाठीची निवेदने वाचायला. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. अक्षर सुवाच्य असावे. एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. परतीसाठी पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे. अलीकडे टंकाचे नाव आणि ईमेल. ही निवेदने वाचताना लक्षात येते की सगळ्या अटी लेखकाने पाळायच्या आहेत. संपादक किती दिवसांत उत्तर देईल, मानधन देईल की नाही, लेख पुढे पुस्तकात घेण्याचा हक्क कोणाचा, याबद्दल मी पाहिलेल्या निवेदनांत जवळजवळ काही नव्हते. जाहिरातींचे दर मात्र वेगळ्या कागदावर, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा इतका, मलपृष्ठाचा तितका, असे चोख छापतात. म्हणजे दर छापण्याची सवय आपल्याला नाही असे नव्हे.

‘साभार परत’ हा शब्दप्रयोगही याच संस्कृतीतला. किती सभ्य, आणि किती निरुपयोगी! का परत, हे त्यात नसते. तरी मी म्हणेन की तो येत होता तोवर बरे होते. आता बहुतेक वेळा काहीच येत नाही, आणि लेखक दिवाळीपर्यंत वाट पाहून अंक विकत घेतो, त्यात आपले नाव आहे का ते बघायला. छोट्या अंकांची ओढाताण मला माहीत आहे. जाहिराती आटल्या, कागद महागला, संपादक पदरचे घालतो. ज्याला मानधन परवडत नाही त्याने ‘मानधन देता येत नाही’ असे छापावे. तीही अटच आहे, आणि प्रामाणिक आहे. (हे वाक्य संपादकांनी ठेवले तर मी त्यांची आभारी राहीन.)

यावर एक गंभीर आक्षेप येईल. भालचंद्र नेमाडे यांनी ‘लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असा प्रश्न विचारून ठेवला आहे. बाजार, मानधन, करार यांची भाषा बोलू लागलेला लेखक लेखकरावच होणार, असे कोणी म्हणेल. मला उलट दिसते. ज्याला अटी ठाऊक नाहीत त्याला कोणाच्या तरी कृपेवर राहावे लागते, आणि कृपेवर राहणारा माणूस समारंभात पुढच्या रांगेत बसायला लवकर शिकतो. लेखकराव घडवण्याचे काम ओळखीने जितके केले तितके बाजाराने केलेले नाही.

अध्यापकांच्या जगात एक यादी मात्र खरोखर वाटाड्या झाली होती. यूजीसीने २०१९ मध्ये आणलेली ‘केअर’ यादी. कोणत्या संशोधनपत्रिकेत लेख आला तर गुण मिळतात, हे त्यावरून ठरे, म्हणून मराठीचे प्राध्यापक ती पंचांगासारखी चाळत. परिणाम काय झाला ते आपण पाहिले. यादीतल्या पत्रिकेच्या नावाने पैसे मागणारे बनावट धंदे उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद झाली. यादी असली म्हणजे पुरते असे मला वाटत होते, तो भ्रम या प्रकरणाने घालवला. केअर यादी पत्ता देत होती. पैसे कोणाकडून कोणाकडे जातात हा रकाना तिच्यातही नव्हता.

तोच रकाना गुरुजींच्या पत्रात हवा होता. लेखकाने पैसे भरून पुस्तक काढण्यात पाप काहीच नाही. मराठीत कितीतरी चांगली पुस्तके पदरमोड करून निघाली आहेत. पण मग हक्क प्रकाशकाला कशासाठी? छापखान्याला पैसे दिले तर छापखाना हक्क मागत नाही. आणि ज्या आयएसबीएनचा एवढा डांगोरा, तो क्रमांक भारतात केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःच्या नावानेही तो मागू शकतो.

हे शहाणपण मला उशिराच आले. १९९८ मध्ये मी माझ्या पहिल्या समीक्षाग्रंथासाठी एका प्रकाशकाच्या एक पानी पत्रावर सही केली. ‘हक्क प्रकाशकाकडे’ एवढेच त्यात होते, मुदत नव्हती. आवृत्ती संपली, दुसरी निघाली नाही, आणि पुस्तक आता आपले राहिले नाही असे समजून मी वीस वर्षे गप्प बसले. दोन लेखांना पुनर्मुद्रणासाठी मागणी आली तेव्हाही नाही म्हणाले. नंतर कधीतरी १९५७ चा लेखनहक्क कायदा, १९९४ च्या दुरुस्तीसह, वाचायला घेतला. कलम १९ सांगते की हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असले पाहिजे; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरायची; प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; आणि वेगळे काही ठरले नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास त्या हक्कापुरते हस्तांतर संपते. माझे पुस्तक २००३ मध्येच माझ्याकडे परत आले होते. ते मला कळायला आणखी पंधरा वर्षे गेली. मी कायदा शिकलेली नाही, पण हे कलम दीड पानाचे आहे आणि कोणत्याही ‘लेखन कसे करावे’ पुस्तकाच्या शेवटी सहज मावले असते.

अटी आधी छापून मग हस्तलिखित मागवण्याची एक पद्धत आपल्याकडे आहे, हे नोंदवायला हवे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते; त्याचे नियम, कोणते वाङ्मयप्रकार, अर्ज कसा करायचा, हे जाहीर होते. निवडीबद्दल कुरबुरी असतात, त्या असोत. ज्याची कोणाशी ओळख नाही त्याला निदान नियम वाचून अर्ज भरता येतो.

२०२१ च्या डिसेंबरात आडगावला संमेलन भरले तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात हिंडत होते. चार-पाच गाळ्यांवर सहज विचारले, नव्या लेखकाने हस्तलिखित पाठवायचे तर तुमचे काही छापील नियम आहेत का? सगळे अगत्याने बोलले. एकाने खुर्ची दिली, एकाने चहा मागवला. “तुम्ही आहात ना मॅडम, पाठवा कोणालाही,” असे तिघांनी सांगितले. छापील कागद कोणीही काढला नाही.

गुरुजींनी ते तीन पानी पत्र सहीविना ठेवून दिले. प्रकाशनसंस्थेला त्यांनी लेखी विचारले : हक्क किती वर्षांसाठी, प्रती नेमक्या किती, विक्रीतून मला काय? उत्तर फोनवर आले, असे कोणी विचारत नाही म्हणून. मग त्यांनी माझी निळी वही मागून नेली. या श्रावणात परत आणून दिली, सोबत स्वतःची नवी वही दाखवायला घेऊन. शाळेच्या हजेरीपटासारख्या रेघा आखलेल्या. पाठवल्याची तारीख, पोच, उत्तर. हस्तलिखिताचे एक प्रकरण एका त्रैमासिकाकडून परत आले होते, पण संपादकाने दोन ओळी लिहिल्या होत्या : मजुरांचे बोलणे कमी करू नका, तुमचे करा. गुरुजींनी त्या ओळी वहीत उतरवून खाली रेघ मारली होती.

शेवटच्या रकान्याचे नाव होते ‘पैसे कोणी कोणाला’. त्यात सध्या चार नोंदी आहेत. तीन ठिकाणी ‘विचारले, उत्तर नाही’. चौथीपुढे ‘देत नाहीत, तसे कळवले’, आणि कंसात ‘चांगले लोक’.